पिढीला बोल लावण्यापूर्वी : गोव्यातील पालक-शिक्षक संघांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील शाळांच्या पालक-शिक्षक संघांचे पदाधिकारी व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या नातीच्या शाळेत पालकसभा झाली. तिचे आईवडील कामावर असल्यामुळे त्यांच्या जागी मी जाऊन बसले. ‘मोबाईल आणि आजची पिढी’ असा विषय होता, वक्ते बाहेरून आले होते, त्यांची वाणी रसाळ होती आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्यांनी सभा जिंकली. आजच्या मुलांचे लक्ष आठ सेकंदही टिकत नाही, ते काचेच्या भांड्यातील सोनमाशापेक्षाही कमी झाले आहे, असे त्यांनी सांगितले. पूर्वी प्रत्येकाला पन्नास-पन्नास फोन नंबर तोंडपाठ असत, पूर्वी माणसे रात्र-रात्र बसून नाटके पाहत, पूर्वी फोन वाजला की तो उचलण्याची रीत होती आणि आजच्या पिढीला यातले काहीही जमत नाही, असा एकंदर सूर होता. शेवटी आठवी ते दहावीच्या मुलांना उभे करून त्यांच्याकडून मोबाईलला हात न लावण्याची शपथ घेण्यात आली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, हे आधीच कबूल करते. घरी परतताना नातीने विचारले, “आजी, तुला खरेच सगळे नंबर पाठ होते?” हे पत्र त्या प्रश्नामुळे लिहिले आहे.

मला खरोखरच नंबर पाठ होते, कारण तो माझ्या पोटापाण्याचा व्यवसाय होता. मी १९७८ साली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरीला लागले आणि २०१६ साली निवृत्त झाले. सुरुवातीची वर्षे ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून देण्याच्या कामावर गेली. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्या आणि बाजूला तिकिटांचा गठ्ठा. हातांना जे नंबर रोज लागत तेवढे लक्षात राहिले. पण माझ्या ग्राहकांना ते पाठ होते का? आमच्याकडे १९७ या क्रमांकावर चौकशी चाले आणि त्या टेबलावर बसणारीला दुपारचा चहा गरम कधी मिळत नसे. स्वतःच्या जावयाचा, डॉक्टरांचा, मुलीच्या शाळेचा नंबर विचारायला लोक फोन करीत. प्रत्येक घरी फोनशेजारी एक काळी डायरी असे, तिला दोरीने पेन बांधलेले असे आणि त्या डायरीची पाने हरवली की घरात आकांत होई. ज्या स्मरणशक्तीची आज आरती ओवाळली जाते ती बरीचशी त्या डायरीत होती. ती डायरी आता फोनच्या पोटात गेली, एवढाच फरक आहे. मात्र माझ्या नातीला तिच्या आईचा नंबर पाठ नाही, हे मलाही खटकले आणि त्याच रात्री तो तिच्याकडून पाठ करून घेतला. दोन मिनिटे लागली.

गावात संध्याकाळी सोप्यावर बसून अशा उपपत्त्या मांडण्याचा आपल्या सर्वांनाच नाद आहे. पाऊस का लांबला, मासळी का महागली, मुले का बिघडली, याची कारणे आपल्याकडे तयार असतात. सोप्यावर त्यात काही बिघडत नाही, कारण ऐकणारा दुसऱ्या दिवशी ते विसरतो. तीच उपपत्ती ध्वनिक्षेपकावरून, शाळेच्या सभागृहात, मुलांना उभे करून सांगितली जाते तेव्हा मात्र ती तपासून घेण्याची जबाबदारी निमंत्रण देणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येते.

सोनमाशाचेच घ्या. हा आकडा जगभर पसरला तो २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेने जाहिरातदारांसाठी काढलेल्या एका अहवालामुळे. २००० साली माणसाचे लक्ष बारा सेकंद टिके, २०१३ साली ते आठवर आले आणि सोनमाशाचे नऊ सेकंदांचे आहे, असे त्यात म्हटले होते. हे आकडे त्या कंपनीने मोजलेले नव्हते, ते एका संकेतस्थळावरून उचलले होते आणि पत्रकारांनी पुढे मूळ संशोधनाचा शोध घेतला तेव्हा तसे संशोधनच सापडले नाही. बिचाऱ्या सोनमाशाचीही यात बदनामी झाली, कारण त्याला शिकवलेली गोष्ट कितीतरी अधिक काळ आठवते, हे प्रयोगांत दिसले आहे. वक्त्यांनी खोटे सांगितले असे माझे म्हणणे नाही. त्यांनी कोठेतरी ऐकले आणि पुढे दिले. कुटुंबाच्या गटावर आलेला मजकूर न तपासता पुढे पाठवू नये, हा उपदेशही त्यांनी त्याच भाषणात केला होता, म्हणून राहवले नाही.

आता माझ्या खात्यातले थोडे सांगते, कारण पिढ्यांच्या सवयी कशा घडतात हे मी बोर्डामागून बरेच पाहिले आहे. माझ्या वयाची माणसे फोनवर ओरडून बोलतात, अशी घरातल्या मुलांची तक्रार असते आणि त्यामागे बहिरेपण किंवा गावंढळपणा असावा, अशी त्यांचीही एक सोप्यावरची उपपत्ती असते. वस्तुस्थिती अशी की पणजीहून मुंबईला लावलेल्या कॉलचा आवाज वाटेत इतका क्षीण होई की ओरडल्याशिवाय पलीकडे काही पोचतच नसे. ज्यांनी वीस वर्षे तशा तारांवर बोलून काढली त्यांच्या गळ्याला ती पट्टी लागली ती कायमची. तारा सुधारल्या, गळा सुधारला नाही.

तसेच आमच्या पिढीच्या मोजक्या बोलण्याचे. ट्रंक कॉल तीन मिनिटांच्या हिशेबाने चाले. तीन मिनिटे होताच आम्ही मध्ये शिरून ‘वाढवायचे का?’ असे विचारायचो आणि पलीकडून घाईघाईने ‘नको, नको’ असे उत्तर यायचे. अर्जंट कॉलला दुप्पट आणि त्याहून तातडीच्या लायटनिंग कॉलला आठपट पैसे पडत. पुढे ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावण्याची सोय, म्हणजे एसटीडी आली तेव्हा रात्री उशिरा पाव दर लागे, म्हणून जेवणे आटोपून माणसे बूथसमोर रांग लावत आणि यंत्रावरच्या पळणाऱ्या लाल आकड्यांकडे डोळा ठेवून बोलत. आखातात नवरे असलेल्या बायका एका दमात सासूचे दुखणे, मुलाचे गुण आणि घराचे छप्पर एवढे सारे सांगून टाकत आणि फोन ठेवल्यावर रडत. त्याला संयम म्हणायचे का? मी त्याला मीटर म्हणते. ज्याला तो खर्च परवडत होता तो तेव्हाही तासन्‌तास बोले. अशी काही घरे मला माहीत होती आणि त्यांची बिलेही माहीत होती.

याच आखातातल्या आणि बोटीवरच्या माणसांच्या घरी कॅसेट येत. खर्चाचा फोन नको आणि पत्र लिहायला हात वळत नाही, म्हणून माणूस अर्धा तास टेपरेकॉर्डरपुढे बोले आणि गावी येणाऱ्या कोणाबरोबर ती कॅसेट पाठवी. घरचे सारे भोवती बसून ती ऐकत आणि दुसऱ्या बाजूवर आपले उत्तर भरून परत धाडत. आज नात मैत्रिणीला आवाजी निरोप पाठवते तेव्हा “यांना धड बोलताही येत नाही आणि लिहिताही येत नाही” असे म्हणणारे माझे एक नातलग आहेत. त्यांच्या माळ्यावर अशा कॅसेटचा एक खोका अजून आहे.

फोन न उचलण्याचा आरोपही असाच उलटून पाहावा लागतो. ज्या काळी गावात दोन-तीनच फोन होते त्या काळी नंबरापुढे ‘पी.पी.’ लिहीत, म्हणजे शेजाऱ्याच्या फोनवर निरोप द्यायचा. फोन वाजला तर कोणी गेले असेल किंवा कोणाला नोकरी लागली असेल, असाच समज असे, त्यामुळे तो न उचलणे हा गुन्हाच होता. मोबाईल आले तेव्हा तर फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. ते २००३ साली थांबले. त्यानंतर मिस्ड कॉलची एक पूर्ण भाषा तयार झाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. आज दिवसाला चार वेळा कर्ज देणारे आणि भूखंड विकणारे अनोळखी नंबरांवरून फोन करतात आणि ज्याला खरे काम आहे तो आधी दोन ओळी लिहून विचारतो. अशा स्थितीत मुलगी अनोळखी फोन उचलत नसेल तर ती भित्री की शहाणी? आजीचा फोन न उचलणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याचे भांडण आम्ही घरी स्वतंत्रपणे करू.

या साऱ्याला शास्त्राचा आधार हवा असेल तर तोही आहे. दोन वयोगटांत फरक दिसला की तो तीन कारणांनी पडू शकतो, असे समाजशास्त्रज्ञ सांगतात. एक तर वयामुळे, म्हणजे तेरा वर्षांचे मूल कोणत्याही काळी तेरा वर्षांच्या मुलासारखेच वागणार. दुसरे काळामुळे, म्हणजे जे बदलले ते सर्वांसाठी बदलले, आजोबाही तेवढेच बदलले. आणि तिसरे त्या पिढीच्या विशिष्ट घडणीमुळे. ‘पिढी बिघडली’ म्हणणारा माणूस पहिली दोन कारणे न तपासता थेट तिसऱ्यावर उडी मारतो. मी चौदा वर्षांची असताना ट्रान्झिस्टरला कान लावून बसते म्हणून मला बोलणी बसत. माझी नात कानात बोंडे घालून बसते म्हणून तिला बसतात. हे वय झाले. पालकसभेत त्या दिवशी भाषण चालू असताना मी मागच्या रांगेतून पाहिले, सात पालक मांडीवर फोन ठेवून वाचत होते. हा काळ झाला. मुलांची म्हणून वेगळी अशी घडण यातून किती उरते, हे मोजल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

अमेरिकेत जॉन प्रोट्झ्को आणि जोनाथन स्कूलर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१९ साली एक गमतीदार अभ्यास प्रसिद्ध केला. जी प्रौढ माणसे स्वतः चांगली वाचक होती त्यांना आजची मुले वाचत नाहीत असे विशेष वाटत होते. जी अधिकाराला मान देणारी होती त्यांना मुले उद्धट झाली असे वाटत होते. म्हणजे ज्या गुणात आपण पुढे आहोत त्याच गुणात मुले मागे पडल्याचे आपल्याला दिसते, कारण आपण आपले आजचे रूप मागे नेऊन आपल्या लहानपणावर चिकटवतो. मी फोनवर कसे बोलावे याबद्दल सर्वांना शिकवत असते, ते का, हे त्यावरून कळले.

भाषणात ‘मिलेनियल’ आणि ‘जेन झी’ ही नावेही पुन्हा पुन्हा आली. या चौकटी अमेरिकेत आखलेल्या आहेत. तेथील प्यू रिसर्च सेंटर ही संस्था १९८१ ते १९९६ आणि १९९७ ते २०१२ अशा त्यांच्या जन्मसालांच्या सीमा धरी आणि २०२३ साली तिनेच ही लेबले यापुढे जपून वापरण्याचे जाहीर केले. पिढी केवळ जन्मसालाने होत नाही, ऐन उमेदीच्या वयात एकत्र सोसलेल्या आणि पाहिलेल्या घटनांनी होते, हे समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ सालीच मांडले होते. ते मान्य केले तर गोव्याच्या पिढ्यांच्या रेषा अमेरिकेच्या रेषांवर कशा पडतील? आमच्याकडची ठळक रेषा १९ डिसेंबर १९६१ ही, गोवा मुक्तीची आहे. तिच्या आधी पोर्तुगीज शिकलेला मोठा भाऊ आणि तिच्यानंतर गावात नव्याने निघालेल्या मराठी शाळेत गेलेली धाकटी बहीण, असे एकाच घरात दोन पिढ्यांचे नागरिक मी पाहिले आहेत. त्यानंतरची रेषा १९८७ सालची, भाषेच्या आंदोलनाची आणि घटकराज्याची. मग १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईच्या नातलगांचे येणे-जाणे बदलले. आणि २०२० ही एक रेषा आहे, जिच्याकडे मी आता येणार आहे.

त्याआधी माझ्या स्वतःच्या एका उपपत्तीची कबुली द्यायला हवी. रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा विषय निघाला तेव्हा मला लगेच वाटले की हेही मीटरसारखेच असणार. आमच्या लहानपणी नदीपलीकडच्या गावी काल्याचे नाटक असले की आम्ही संध्याकाळच्या होडीने जायचो आणि परतीची होडी पहाटेशिवाय नसे. उठून जायचे कोठे? म्हणून माणसे नाटक पाहत बसत, असे मी नातीला ऐटीत सांगितले. नंतर आठवू लागले तर ही उपपत्ती पुरती उभी राहीना. त्याच वाड्यावरची, देवळापासून चार घरांवर राहणारी माणसेही पहाटेपर्यंत बसत. त्यांना होडीची अडचण नव्हती. त्यांच्यातलाच कोणी राजा झालेला असे, कोणी राणी, आणि चुकलेल्या वाक्यावर हसण्यासाठीच अर्धा वाडा जागा राहत असे. शिवाय आम्ही मुले दुसऱ्या अंकापासून चटईवर झोपलेलीच असू. तेव्हा होडीने थोडे घडले, आपल्या माणसांनी बरेच घडले आणि झोपेने उरलेले. आजही देवळाच्या उत्सवात गावचे नाटक असते आणि ज्यांची मुले त्यात काम करतात ती माणसे शेवटपर्यंत बसतात.

उलट दिशेची उपपत्तीही तेवढीच पोकळ निघते. म्हाताऱ्यांना नवे तंत्र जमत नाही, हे तरुणांचे आवडते मत. आमच्या बाजारात मासळी विकणारी, माझ्यापेक्षा वयाने मोठी असलेली एक बाई आहे. नोव्हेंबर २०१६मध्ये नोटा बंद झाल्या, सुट्याची पंचाईत झाली, तेव्हाही ती उधारीवर धंदा करत राहिली, कारण मोबाईलच्या पडद्यावरची अक्षरे तिला वाचता येत नव्हती. पुढे पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा छोटा डबा आला आणि आठवड्याभरात तिच्या पाटीला चौकोनी चिन्हाचा कागद चिकटला. बाई तीच, वय तेच. तिच्या सोयीची वस्तू तोवर कोणी केलेली नव्हती, इतकेच.

आता जे खरोखर नवे आहे आणि ज्याची मलाही काळजी वाटते त्याबद्दल. आमच्या काळी मीटर ग्राहकाच्या डोळ्यांसमोर पळत असे. तो आता दिसेनासा झाला. सप्टेंबर २०१६मध्ये स्वस्त डेटा येईपर्यंत एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत आणि घरात कोणी चित्रफीत लावली तर बाकीचे ओरडत. आता रोजचा दीड जीबी आधीच विकत घेतलेला असतो आणि मध्यरात्री तो नव्याने भरतो. साडेदहाला उरलेला डेटा वाया जाऊ नये म्हणून पाहत बसणारी मुले मी पाहिली आहेत, ताटात टाकू नये म्हणून जास्तीचे जेवणाऱ्या माणसांसारखी. वाचत खाली जाताना पानाचा शेवटच येऊ नये अशी सोय अॅझा रास्किन या अभियंत्याने २००६ साली बनवली आणि पुढे स्वतःच तिच्याबद्दल खेद व्यक्त केला. आमचा एक्स्चेंज ग्राहकाला उठवून “बोला, बोला” असे सांगत नसे. हे यंत्र सांगते, कारण त्याचे पैसे तुमच्या खिशातून येत नाहीत, जाहिरातदाराकडून येतात आणि ते तुम्ही किती वेळ बसलात यावर ठरतात. या खटाटोपाविरुद्ध तेरा वर्षांच्या मुलीला एकटीला शपथ देऊन उभे करणे मला अन्यायाचे वाटते. तिचे आईवडील आणि मी, आम्हा तिघांनाही तो आवरत नाही.

आणि २०२०. त्या वर्षापर्यंत माझ्या नातीच्या हाती फोन नव्हता. टाळेबंदीत शाळा घरी आली तेव्हा तो आम्हीच तिच्या हाती दिला आणि शाळेने तो दररोज हाती घ्यायला लावला. सत्तरी आणि सांगे भागातील मुले रेंज मिळवण्यासाठी डोंगर चढून जात आणि आपण त्यांचे कौतुक वर्तमानपत्रांत वाचले. टाळेबंदी संपली, पण व्यवस्था तशीच राहिली. आजही गृहपाठ व्हॉट्सअॅपच्या गटावर येतो, उद्या कोणता गणवेश घालायचा ते रात्री साडेनऊला येते, प्रकल्पासाठी चित्रे फोनवरूनच शोधावी लागतात. ज्या सभेत मोबाईलला हात न लावण्याची शपथ झाली त्या सभेची छायाचित्रे त्याच संध्याकाळी मुलांच्या गटावर पाठवण्यात आली आणि ‘प्रतिक्रिया द्या’ असा निरोपही खाली होता. नातीने मला विचारले, शपथ मोडू की प्रतिक्रिया देऊ? मी तिला माझ्या फोनवरून लिहायला सांगितले, हे चुकले असेल तर क्षमा करावी.

माझी मागणी मोठी नाही. गृहपाठ फळ्यावर लिहावा आणि मुलांनी तो वहीत उतरवून आणावा. शाळेचा निरोप पाठवायचाच असेल तर तो संध्याकाळी सहापूर्वी पालकाच्या फोनवर जावा आणि त्यानंतर गट बंद राहावा. पुढच्या वेळी वक्ता बोलावताना त्याच्याकडून आकड्यांचा उगम आधी लिहून मागवावा. तो नसेल तर त्यांनी आपला अनुभव सांगावा, तोही मोलाचा असतो. शपथेऐवजी एक आठवडा वही ठेवून पाहावी आणि ती फक्त मुलांनी ठेवू नये. फोन केव्हा हाती घेतला आणि कशासाठी, एवढेच मुलांनी, आईवडिलांनी आणि घरात असतील तर आजी-आजोबांनीही लिहावे आणि त्या वह्या पालकसभेत समोरासमोर उघडाव्यात. आमच्या घरी हा प्रयोग गेला आठवडा चालू आहे. कोणाची वही सर्वात जाड झाली हे मी येथे लिहिणार नाही.

आपल्यापैकी कोणत्या शाळेला उपयोगी वाटत असेल तर मी माझा डायलचा काळा फोन, ट्रंक कॉलची चार जुनी तिकिटे आणि दोरीला पेन बांधलेली ती डायरी घेऊन मुलांकडे यायला तयार आहे. भाषण करणार नाही. त्यांनी विचारावे, मी सांगावे, आणि मग मीही त्यांना थोडे विचारावे. शनिवार सोडून कोणताही दिवस चालेल, शनिवारी आमच्याकडे भजन असते.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर आणि आठवीतल्या मुलीची आजी
डिचोली, गोवा